तेरडा मागून पाहावा

श्रावण सरत आला की घाटरस्त्यांच्या दरडींवर गुलाबी रंग चढतो आणि एसटीची काच सरकवत कुणीतरी म्हणतंच, "तेरडा फुलला." म्हणणं खोटं नसतं. पण त्या एका नावाखाली सह्याद्रीत कितीतरी वेगळी झाडं उभी असतात. काही कमरेला लागणारी, काही वीतभर. काही रानाच्या सावलीतली, काही उघड्या सड्यावरची. सगळी पावसाबरोबर उगवतात आणि त्यातली बहुतेक पाऊस ओसरता ओसरता बी टाकून मरतात. तेरड्याच्या या कुळीत जगभरात हजाराहून जास्त जाती आहेत, भारतात दोनशेहून जास्त, आणि एकट्या पश्चिम घाटात शंभराच्या पुढे. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातल्या थोड्या येतात. दक्षिणेकडे सरकावं तशा त्या वाढत जातात. शास्त्रीय नावात या साऱ्यांचं आडनाव एकच, इम्पेशन्स.

कॉलेजात ज्यांनी मला वनस्पतिशास्त्र शिकवलं त्या बाई आता निवृत्त आहेत. भाद्रपदात भीमाशंकरपासून सावंतवाडीपर्यंत फक्त तेरडे बघत जायचं, असा बेत त्यांनी मांडला आणि मी लगेच हो म्हटलं. माझी एकच इच्छा होती. चालत्या वाटेवर, पुस्तक न उघडता, हा कोणता तेरडा हे स्वतःच्या डोळ्यांनी सांगता यावं. बाईंनी निघण्याआधीच अट घातली होती, "रंग सांगायचा नाही. पानं सांग, फुलाची पाठ सांग, बोंड सांग. रंग सगळ्यात शेवटी."

ही अट कशासाठी, ते त्यांनी पुण्यातच दाखवलं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. तिथल्या संग्रहात जाड कागदांवर चिकटवलेली वाळकी झाडं कपाटांतून रचलेली असतात. तेरड्याचे कागद समोर आले तेव्हा मी गप्पच झाले. एकाही फुलात रंग उरलेला नव्हता. पाकळ्या कागदाला चिकटून तपकिरी डाग झाल्या होत्या, कुठली कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण माणसांबद्दल बोलतो. दाबून वाळवलेल्या तेरड्याचा रंग तेवढाही टिकत नाही. खोड रसाळ, पाकळ्या नुसत्या पाण्याच्या. तोडल्यावर काही मिनिटांत मान टाकणारं हे झाड कागदावर आपली ओळख सांभाळू शकत नाही.

आणि तरीही एका माणसाने अशा वाळक्या कागदांवरून तेरड्याच्या जाती लावल्या. जोसेफ डाल्टन हूकर. लंडनजवळच्या क्यू उद्यानाचा संचालक, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींच्या सात खंडी ग्रंथाचा कर्ता. तो ग्रंथ १८९७ मध्ये पुरा झाला तेव्हा हूकर ऐंशीचा होता. उरलेलं आयुष्य त्याने मुख्यतः तेरड्यांना दिलं. कोरडी फुलं भिजवायची, भिंगाखाली एकेक पाकळी सोडवायची, चित्र काढायचं, पुन्हा दुसरं फूल. हिंदुस्थानातल्या तेरड्यांचा त्याचा आढावा १९०४ ते १९०६ या काळात प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९११ मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी तो गेला, तोवर हे काम चालूच होतं. साठ वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला जी कुळी पुरून उरली, तिच्याकडे आपण चालत्या गाडीतून नजर टाकतो. मला त्या कपाटांपुढे हूकरबद्दल फार आदर वाटला, आणि आपल्याकडे जिवंत झाडं आहेत याचा आनंदही.

पुण्याहून भीमाशंकरला जाताना मंचर, घोडेगाव मागे पडलं की डिंभे धरणाचं पाणी दिसू लागतं. तिथून रस्ता चढतो आणि भातखाचरं अरुंद होत जातात. आम्ही वरच्या एका वळणावर उतरलो. दरडीतून पाणी झिरपत होतं आणि तिच्या अंगावर कमरेएवढा तेरडा उभा होता. हाच आपला नेहमीचा तेरडा, इम्पेशन्स बालसमिना. परसातला, कुंडीतला, डबल पाकळ्यांचा जो बागेतला तेरडा, तो याच जातीचा. रानात तो एकेरी असतो, गुलाबी, जांभळट, क्वचित पांढराही.

बाईंनी मला त्या एका झाडापाशी बराच वेळ थांबवून ठेवलं. "आधी हा पक्का कर. हा कळला की बाकीचे याच्यापेक्षा वेगळे कुठे ते सांगता येतं."

पानं अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, कडेला करवती दाते. खोडावर ती एकाआड एक बसलेली. एका पेराला एकच पान. फुलं पानाच्या बगलेतून निघालेली, एकेकटी किंवा दोन-तीन मिळून. मग फूल. समोरून पाहिलं तर तीन पाकळ्या दिसतात, वर एक लहान, खाली दोन मोठ्या. खरं तर पाकळ्या पाच असतात. खालच्या दोन म्हणजे चार पाकळ्या जोडीजोडीने चिकटून झालेले दोन पंख. फुलाच्या मागे तीन निदल. त्यातले बाजूचे दोन इतके बारीक की शोधावे लागतात, आणि तिसरा चांगला मोठा, होडीच्या आकाराचा, ज्याचं टोक लांबून पोकळ शेपटी झालेली असते. मध त्या शेपटीत. नवलाची गोष्ट म्हणजे खाली लोंबणारा हा निदल मुळात वरच्या बाजूचा. कळी वाढताना देठ पीळ घेतो आणि सगळं फूल उलटं होतं. बालसमिनाची शेपटी बारीक, आत वळलेली.

शेवटी बोंड. मधे फुगीर, दोन्हीकडे टोकदार, आणि अंगभर दाट लव. ही लव लक्षात ठेवायला बाईंनी दोनदा सांगितलं. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की त्याच्या पाच फाका टचकन सुटतात, आतल्या आत वळतात आणि बिया उडवून देतात. लहानपणी हा खेळ कुणी खेळला नाही? पण या खेळाचा हिशोब मला त्या वळणावर कळला. बिया उडतात त्या फार तर दोन-चार पावलं. वारा त्यांना नेत नाही. म्हणजे तेरड्याची पुढची पिढी आईच्या सावलीतच उगवणार. एका ओल्या घळीतला तेरडा शेजारच्या डोंगरापलीकडच्या तेरड्याला सहसा भेटत नाही, आणि अशा न भेटण्यातून हजारो वर्षांत जाती वेगळ्या होत जातात. हिमालयातले तेरडे वेगळे, केरळच्या डोंगरातले वेगळे. दोन्हीकडे सापडणाऱ्या जाती मोजक्या. बालसमिना त्यांतली एक.

तिथेच आणखी एक गोष्ट दिसली जी नवख्याला हमखास चकवते. एकाच झाडावरच्या काही फुलांच्या तोंडाशी पांढरट टोपी होती, काहींच्या तिथे नुसतं हिरवं टोक. या दोन जाती नव्हेत, फुलाची दोन वयं. पाच पुंकेसर एकत्र जुळून स्त्रीकेसरावर टोपी घालतात. फूल आधी फक्त पराग देतं. टोपी गळून पडली की आतलं टोक उघडं होतं आणि तेव्हा ते दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होतं. तेरडा ओळखताना निदान दोन वयांची फुलं बघावीत, हे मी तेव्हापासून पाळते.

भीमाशंकरच्या देवळामागून नागफणीकडे जाणाऱ्या वाटेवर आमच्यासोबत तिथलेच एक महादेव कोळी दादा होते. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बाईंनी विचारलं, "दादा, पिवळा तेरडा कुठे मिळेल?" ते म्हणाले, "कड्याच्या अंगाला. हितं झाडीत नाय त्यो, जरा उजेड पाहिजे त्याला." झाडी विरळ झाली आणि तो समोर आला. लख्ख पिवळा, घशाशी तांबूस रेषा. सगळीकडे धूसर करडं असताना तो रंग डोळ्यांत भरतो. हा डालझेलचा तेरडा, इम्पेशन्स डालझेली. उत्तर पश्चिम घाटाबाहेर हा मिळत नाही. निकोल अलेक्झांडर डालझेल हा मुंबई इलाख्यात जकात खात्यात नोकरीला आलेला माणूस. पुढे जंगल खात्याचा प्रमुख झाला. अलेक्झांडर गिब्सनबरोबर त्याने १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक काढलं. त्याच्या मानाखातर हूकर आणि थॉमसन यांनी या पिवळ्या तेरड्याला त्याचं नाव दिलं.

इथे रंगाने काम भागतं, कारण आपल्याकडच्या तेरड्यांत दुसरा असा पिवळा नाही. बाई मात्र सोडायला तयार नव्हत्या. "आणि कळीच नसेल तर? पानं एकाआड एकच आहेत, बालसमिनासारखी." म्हणून आम्ही फुलं न आलेली झाडंही बघितली, आणि मला मान्य करावं लागलं की पिवळा आणि गुलाबी हे दोघं फुलाविना शेजारी उभे असले तर नुसत्या पानांवर शपथ घेऊन सांगणं कठीण. अशा वेळी नाव न देणं हेच बरोबर. वनस्पतिशास्त्रात "माहीत नाही, फूल आल्यावर बघू" हे उत्तर मानाचं आहे.

महाबळेश्वरला पिवळा पुन्हा भेटला, आंबेनळी घाटाच्या बाजूला. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. कासच्या पठारावरूनही लवकर निघालो. कास सुंदर आहे यात शंका नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात हे पठारही आहे. तिथल्या गुलाबी गालिच्यात मोठा वाटा तेरड्याचाच, पण वीतभर उंचीच्या, उघड्यावर उन्हापावसात वाढणाऱ्या तेरड्याचा. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतल्या जॉन सदरलंड लॉ याच्या नावावरून त्याला इम्पेशन्स लॉई म्हणतात. आम्हाला रानातले तेरडे बघायचे होते. लॉच्या तेरड्याने एक काम केलं. बाईंनी मला गुडघ्यावर बसवून त्याची पानं दाखवली: समोरासमोर. एका पेराला दोन पानं, एकमेकांकडे तोंड करून. "हा मोठा फाटा आहे," त्या म्हणाल्या. "आंबोलीत पहिला प्रश्न हाच विचारायचा."

आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर गाव, खाली कोकण, मधे धुकं. हिरण्यकेशीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आम्ही सकाळी निघालो तेव्हा पाऊस थांबला होता पण झाडं गळत होती. जळवांसाठी पायांना तंबाखू-मीठ लावलेलं. इथे तेरडे एकमेकांत मिसळून उगवतात आणि इथेच ओळख खरी कसाला लागते.

पहिली जोडी मोठ्यांची. वाटेच्या कडेला दोन गुलाबी तेरडे, दोघांचीही पानं एकाआड एक. फोनवरच्या ॲपने दोघांचेही फोटो बघून एकच नाव सांगितलं, बालसमिना. एक बालसमिना होताच. दुसऱ्याचं पान बघा: रुंद, टोकाला लांबट, आणि खोडापासून चांगल्या लांब देठावर पुढे धरलेलं. बालसमिनाचं पान अरुंद, देठ आखूड. एवढ्यावरच दोघं वेगळे होतात, फुलाकडे जायची गरज पडत नाही. तरी फूल बघावंच. या दुसऱ्याचं फूल मोठं, पंख सपाट पसरलेले, अंगाने खूप नाजूक गुलाबी. आणि बाजूने पाहिलं की मागे एक लांबलचक, दोऱ्यासारखी बारीक शेपटी. समोरून काढलेल्या फोटोत ती येतच नाही. ॲपला ती कशी कळणार? हा इम्पेशन्स पुलकेरिमा. डालझेलनेच १८५० मध्ये त्याला हे नाव दिलं. कोकण, गोवा आणि त्यालगतच्या घाटातलं हे झाड. महाराष्ट्रातल्या रानफुलांत याच्याइतकं देखणं फूल मला दुसरं सापडत नाही, आणि हे मी कारवी, सोनकी, कळलावी सगळ्यांना स्मरून म्हणते.

आम्ही तिथे थांबलो असताना काळ्या-निळ्या पंखांचं एक नीलवंत फुलपाखरू त्या फुलांवर आलं. पंख फडफडत ठेवूनच त्याने सोंड आत घातली. मग त्या शेपटीचा अर्थ उलगडला. लांब बारीक नळीच्या तळाचा मध प्यायचा तर लांब सोंडच हवी, फुलपाखराची, पतंगाची. आखूड जिभेच्या माशीला तिथे पोचता येत नाही. शेपटी किती लांब, किती वाकडी, यावर फुलाकडे कोण येणार हे ठरतं, आणि कोण येतं यावर कोणाचे पराग कोणाला मिळणार हे ठरतं. दोन जाती एकाच दरडीवर उभ्या राहूनही वेगळ्या राहतात त्यात या शेपटीचा हात आहे. म्हणून ओळखणाऱ्यानेही फूल तिच्याच बाजूने पाहायला हवं. ही नुसती खूण नव्हे, झाडाच्या जगण्यातला तो महत्त्वाचा भाग आहे.

दुसरी जोडी लहानांची, आणि मला विचाराल तर जास्त कठीण. सावलीतल्या ओल्या मातीवर, वाटेच्या कडेने, घोट्याच्या वर येणारा एक नाजूक तेरडा. पानं समोरासमोर, लांबट अंडाकृती, बारीक देठावर. फुलं लहान, फिकी गुलाबी. हा इम्पेशन्स मायनर; जुन्या पुस्तकांत क्लायनी या नावाने सापडतो. थोडं पुढे जंगल संपून मोकळं गवत सुरू झालं, पाणी साचलेलं, आणि तिथेही समोरासमोर पानांचा, लहान गुलाबी फुलांचा तेरडा. मी त्याला मायनरच म्हणणार होते. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं भिंग पुढे केलं. पानं इथे अगदी अरुंद, लांब, जवळजवळ बिनदेठाची, खोडाला टेकलेली. फुलाला शेपटी म्हणावी तर अगदीच आखूड. उलट मायनरची शेपटी फुलाच्या मानाने लांब, बारीक आणि वळलेली. गवतातला हा इम्पेशन्स अपोझिटिफोलिया. त्याला नाव लिनियसने १७५३ मध्येच दिलं होतं.

जागाही साक्ष देते: मायनर सावलीत, अपोझिटिफोलिया उघड्या ओलीत. पण जागेवर विसंबायचं नाही, कारण रान तोडलं गेलं की सावलीतलं झाड काही वर्षं उन्हात तग धरतं आणि आपल्याला चकवतं. पानाचा देठ आणि फुलाची शेपटी, या दोन गोष्टी मात्र सोबत राहतात. मी पुढचा सगळा वेळ एकाच्या शेजारी दुसरा धरून, न तोडता, वाकून बघत राहिले. दुपारपर्यंत उभ्यानेच फरक दिसायला लागला. पानांची ठेवण डोळ्यांत बसते. मग मोजावं लागत नाही. ओळखीचा माणूस लांबून चालीवरून कळतो, तसं.

परतताना ओल्या कातळाला बिलगलेला आणखी एक तेरडा दिसला. त्याला उभं खोडच नव्हतं, सगळी पानं बुडाशी, फुलं लांब दांड्यांवर. हा इम्पेशन्स अकॉलिस. याला कंद असतो आणि कंदाच्या जिवावर तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर येतो. बाकीच्यांना ही सोय नाही. त्यांचं पुढचं वर्ष फक्त बियांत.

हे आठवलं ते त्याच वाटेवर, काही पर्यटक पुलकेरिमाच्या फांद्यांचे गुच्छ हातात घेऊन येताना दिसले तेव्हा. फुलं तोवर माना टाकून लोंबत होती. त्या झाडांना त्या वर्षी बी धरता येणार नव्हतं. वाईट वाटलं, आणि रागही आला. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "तेरडा तर आहे, सगळीकडे आहे." हेच तर आहे. बालसमिना सगळीकडे आहे. पुलकेरिमा नाही. पिवळा डालझेली तर उत्तर पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. एका नावात सगळे कोंबले की दुर्मीळ झाडही मुबलक वाटू लागतं. जाती वेगळ्या ओळखायच्या त्या यासाठी.

घाट उतरून दाणोलीला आलो तर गौरी आणायचे दिवस. एका अंगणात काकी तेरड्याची रोपं धुऊन ठेवत होत्या. कोकणात गौर म्हणजे पुष्कळ घरी तेरडाच. मुळासकट उपटून आणायचा, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. बाईंनी अंगणाच्या कडेला उगवलेल्या मायनरकडे बोट केलं, "काकी, हा नाही का चालत?"

काकी हसल्या. "ह्यो बारको न्हय गो बाय. गवरीक सरळ दांड्याचो होयो, मुळांसकट."

मी फोनमधला पुलकेरिमाचा फोटो दाखवला. त्यांनी तो नीट निरखला. "तो रानातलो. तेची फुलां मोठी. पण तो गवरीक कोण आणना नाय."

आम्ही त्यांच्या टोपलीतली रोपं पाहिली. पानं एकाआड एक, अरुंद, करवती कडांची. खाली लागलेल्या कोवळ्या बोंडांवर लव. सगळी बालसमिना, एकही परका नाही. काकींनी ना भिंग वापरलं ना पुस्तक, पण दांडा, मूळ आणि जागा या तीन गोष्टींवरून त्यांनी जी निवड केली ती बिनचूक होती. आणि ती झाडालाही परवडणारी होती, कारण हा तेरडा दरवर्षी अंगणात, बांधावर, रस्त्याकडेला भरपूर येतो. काही रोपं गौरीला गेली तरी त्याचं काही बिघडत नाही. काकींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणानच आमी सगळो काढणव नाय. थोडो ठेवतव, फुडल्या वर्साक."

या भाद्रपदात तुम्ही घाटात जाल तेव्हा तेरड्याचा फोटो समोरून काढून थांबू नका. एक फोटो बाजूने काढा, शेपटी पूर्ण दिसेल असा. एक खोडाच्या पेराचा, पानं एकाआड एक आहेत की समोरासमोर, त्यांना देठ किती, हे कळेल असा. बोंड असेल तर त्याचाही, लव दिसेल इतक्या जवळून. एवढ्यावर जाणकार माणूस तुम्हाला जात सांगू शकेल, आणि थोड्या सरावाने तुम्ही स्वतःही. फूल तोडू नका. घरी पोचेपर्यंत ते उरत नाही. आणि ज्या गावांच्या, ज्या खात्यांच्या हाती घाटरस्त्यांच्या दरडी साफ करायचं काम आहे, त्यांना माझी विनंती आहे: दरडीवरचं गवत दसऱ्यापर्यंत कापू नका. तोवर बोंडं फुटून बी मातीत पडलेलं असतं.